शब्दाविना दीर्घत्व : प्रायोगिक वाद्यप्रधान रॉक-संगीताचे श्रवण आणि अर्थनिष्पत्तीचा प्रश्न

१. प्रश्नाची मांडणी

साहित्याचा अभ्यासक संगीताकडे वळतो तेव्हा त्याला बहुधा शब्दांचा आधार लागतो. पद, बंदिश, नाट्यगीत, ऑपेराची संहिता असे काही हाती असले, की साहित्य आणि संगीत यांचे नाते तपासण्याची रीत ठरून गेलेली आहे. शब्दच नसलेल्या संगीतापुढे मात्र तो दोहोंपैकी एक वाट धरतो. एक तर तो त्या संगीताची गोष्ट करून टाकतो : येथे वादळ आले, येथे ते शमले, येथे पहाट झाली. किंवा 'हे निव्वळ नादरूप आहे, येथे अर्थाचा प्रश्नच उद्भवत नाही' असे म्हणून तो बाजूला होतो. या दोन्ही भूमिकांना मोठी परंपरा आहे. व्हिएन्नाचे समीक्षक एडुआर्ड हान्स्लिक यांनी १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नादाची गतिमान रूपे हाच संगीताचा आशय होय, अशी भूमिका घेतली. त्याच शतकात संगीतातून कथा आणि चित्रे उभी करू पाहणाऱ्या वाद्यवृंदरचनाही विपुल झाल्या. विसाव्या शतकात सुझान लँगर यांनी मध्यममार्ग सुचविला. संगीत हे प्रतीक आहे, परंतु त्याला कोणताही एक अर्थ नेमून दिलेला नाही, असे त्यांचे म्हणणे.

हा जुना वाद एका तुलनेने नव्या संगीतप्रकाराच्या संदर्भात पुन्हा तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून रॉक-संगीताच्या परिसरात दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालणाऱ्या, प्रायः शब्दविरहित अशा रचना होऊ लागल्या. इलेक्ट्रिक गिटार, बेस गिटार आणि ड्रम हा त्यांचा पाया. शब्दाविना रॉक ही गोष्ट तशी नवी नव्हती. ब्रिटनमधील 'द शॅडोज' या वाद्यसमूहाची 'अपॅची' ही केवळ वाद्यांवर वाजविलेली धून १९६० साली घरोघरी पोहोचली होती. पण ती गाण्याच्या मापाची होती, गायक उठून गेलेल्या गाण्यासारखी. दीर्घ रचनेत गाण्याचा साचाच उरत नाही. धृपद नाही, अंतरा नाही, पुन्हा परतण्याची ठरलेली जागा नाही. गाणाऱ्या माणसाचा आवाज हेच ज्या संगीताचे केंद्र मानले गेले, त्यातच हे घडले असल्यामुळे शब्दाचा अभाव येथे विशेष जाणवतो, आणि म्हणूनच अर्थनिष्पत्तीच्या प्रश्नासाठी हे उदाहरण उपयुक्त ठरते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : या रचनांत दोन भिन्न गोष्टी एकाच वेळी घडत असतात. एक, दीर्घ कालावधीमुळे श्रोत्याच्या अपेक्षेत आणि स्मरणात होणारे बदल. आणि दुसरी, रचनेच्या कडेला उभ्या असलेल्या मोजक्या शब्दांनी त्या अनुभवाला दिलेली दिशा. या दोहोंची सरमिसळ झाली की समीक्षा भरकटते. त्या वेगळ्या ठेवून पाहिल्या, तर शब्दहीन संगीताबद्दलही पडताळून पाहता येतील अशी विधाने करता येतात.

२. दीर्घत्व आणि तबकडी

रचनेची लांबी केवळ कलावंताच्या इच्छेवर अवलंबून नसते, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन ते चार मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. १९०२ साली गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हापासून आपल्याकडील गायकांनी तासाभराचा विस्तार या मापात बसविण्याची कला साधली. अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हा संक्षेप किती परिणामकारक होता हे सांगावयास नको. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातील तीन मिनिटांचे गाणेही बव्हंशी याच मापात घडले.

१९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावू लागले. या सोयीचा लाभ हिंदुस्थानी संगीताला रॉकच्या आधी मिळाला. १९५५ साली अली अकबर खाँ यांची लाँग प्ले तबकडी अमेरिकेत निघाली. तिच्या एका बाजूस सिंधुभैरवी आणि दुसऱ्या बाजूस पिलू होता. प्रास्ताविक येहुदी मेन्युहिन यांनी केले होते. रॉक-संगीतात 'तबकडीची एक बाजू म्हणजे एक रचना' ही कल्पना रुजण्यास आणखी पंधरा वर्षे लागली. जर्मनीतील 'आश रा टेम्पल' या गटाच्या १९७१ मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर दोनच रचना आहेत. पहिल्या बाजूस 'आम्बोस', म्हणजे ऐरण, ही सुमारे वीस मिनिटांची. दुसऱ्या बाजूस 'ट्राउममाशीने', म्हणजे स्वप्नयंत्र, ही पंचवीस मिनिटांची. १९७३ साली इंग्लंडमधील माइक ओल्डफील्ड या विशीच्या उंबरठ्यावरील वादकाने बहुतेक वाद्ये स्वतःच वाजवून 'ट्यूब्युलर बेल्स' सिद्ध केली. तीही दोन भागांची, भागास एक बाजू.

माध्यम बदलले की संहिताही बदलते, याचे एक लक्षणीय उदाहरण कॅनडातील माँट्रियल शहराच्या 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर' या वाद्यसमूहाने पुरविले आहे. त्यांच्या १९९७ मधील ध्वनिमुद्रिकेच्या नावात दोन स्वरांमागे अनंताचे चिन्ह आहे. तबकडीच्या शेवटी सुई एका बंद खाचेत अडकते आणि श्रोता उठून ती उचलीपर्यंत तोच ध्वनितुकडा फिरत राहतो. रचना संपविण्याची जबाबदारी येथे श्रोत्यावर आहे. १९९८ साली याच ध्वनिमुद्रिकेची वाढविलेली, फेररचना केलेली आवृत्ती सीडीवर आली. सीडीला खाच नसल्यामुळे हा शेवट तेथे अर्थातच उरला नाही. पाठचिकित्सेची सवय असलेल्या अभ्यासकाला या दोन आवृत्तींत कोणती प्रमाण मानावी, हा प्रश्न ओळखीचाच वाटेल.

३. अपेक्षेचे परिमाण

दीर्घ रचना ऐकताना श्रोत्याच्या ठायी नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी दोन विचारांचा उपयोग होतो. एडमंड हुसेर्ल यांनी कालजाणिवेचे विवेचन करताना सुरावटीचेच उदाहरण घेतले होते. वर्तमान क्षणी ऐकू येणाऱ्या स्वरात नुकत्याच सरलेल्या स्वराची धारणा आणि येऊ घातलेल्या स्वराची चाहूल मिसळलेली असते. अन्यथा आपल्याला सुरावट ऐकू न येता सुटे स्वर ऐकू आले असते. दुसरा विचार अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ लेनर्ड मायर यांचा. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी असे दाखविले, की संगीतातील भावजागृती ही अपेक्षा निर्माण होणे, ती लांबणे आणि तिची पूर्ती किंवा भंग होणे यांतून होते. तीन मिनिटांच्या गाण्यात ही अपेक्षा गाण्याच्या साच्यावर अवलंबून असते. दोन अंतरे झाल्यावर धृपद येणार, हे श्रोता जाणून असतो. साचाच नसेल तर काय होते?

ड्युसेलडॉर्फ येथील 'नॉय!' या गटाची 'हालोगालो' ही १९७२ मधील दहा मिनिटांची रचना येथे पाहण्याजोगी आहे. गटात दोघेच वादक होते, क्लाऊस डिंगर आणि मिखाएल रोटर. डिंगर यांचे ड्रम आरंभापासून अखेरपर्यंत चार मात्रांचा एकच आघातक्रम न थांबता चालवितात. समीक्षकांनी या चालीला 'मोटोरिक' असे यंत्रसूचक नाव दिले, ते स्वतः डिंगर यांना रुचत नसे. या अखंड चालीवर रोटर यांच्या गिटारचे थर येतात आणि विरतात. रचनेला शिखर नाही आणि निर्णायक असे वळणही नाही.

प्रथमच ऐकणारा श्रोता पहिली दोन-तीन मिनिटे काही तरी सुरू होण्याची वाट पाहत असतो. गाण्याच्या सवयीतून आलेली ही अपेक्षा पुरी होत नाही, तेव्हा त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात : कंटाळणे किंवा अपेक्षेचे परिमाण बदलणे. परिमाण बदलले की ज्या गोष्टी आधी तपशील वाटल्या होत्या, त्याच घटना होऊन समोर येतात. गिटारच्या एखाद्या स्वराची लांबलेली आस, झांजेवरील आघाताचा किंचित बदललेला जोर, दोन थरांमध्ये क्षणभर पडलेली फट यांना आता महत्त्व येते. पाचव्या मिनिटाला ऐकू येणारी ही सूक्ष्मता पहिल्या मिनिटालाही ध्वनीत होतीच, परंतु ऐकणारा कान तयार नव्हता. दीर्घत्वाचे पहिले कार्य हे असे आहे. ते आशय वाढवीत नाही, ऐकण्याची क्षमता बदलते.

याचे अधिक टोकाचे उदाहरण म्हणजे 'आश रा टेम्पल'चेच गिटारवादक मान्युएल ग्यॉटशिंग यांची 'ई२–ई४' ही रचना. १२ डिसेंबर १९८१ रोजी बर्लिन येथील आपल्या स्टुडिओत त्यांनी ती एका बैठकीत, एकट्याने वाजविली. ती प्रकाशित झाली १९८४ साली. जवळजवळ तासभर दोन स्वरसंघातांची अदलाबदल चालू राहते. बुद्धिबळाच्या पटावर राजापुढील प्यादे दोन घरे सरकवून डाव उघडण्याची जी सर्वपरिचित चाल, तीच या रचनेचे शीर्षक आहे. निम्मा काळ लोटल्यानंतर गिटार प्रवेश करते. तोवर जी यंत्रवाद्यांची वीण ऐकण्याचा विषय होती, ती त्या क्षणी पार्श्वभूमी होते. ध्वनीत वीण तीच राहते. श्रोत्याच्या मनातील तिचे स्थान पालटते. ही किमया अर्ध्या तासाच्या सवयीशिवाय घडली नसती.

४. ख्यालाशी साम्य आणि भेद

हे विवेचन वाचताना विलंबित ख्याल ऐकणाऱ्या वाचकाला ओळखीची खूण पटेल. तेथेही धीर लागतो आणि तेथेही सूक्ष्म बदल हीच घटना असते. इतिहासातही काही धागे सापडतात. अली अकबर खाँ यांच्या उपर्युक्त ध्वनिमुद्रिकेचा प्रभाव अमेरिकन रचनाकार ला माँटे यंग यांनी मान्य केलेला आहे. किराणा घराण्याचे गायक प्राणनाथ १९७० साली अमेरिकेत गेले आणि यंग व टेरी रायली यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. यंग यांच्या अखंड स्वरावर आधारलेल्या वादनमंडळीत १९६० च्या दशकाच्या मध्यास जॉन केल हे व्हायोलाचे वादक होते, आणि तेथील आस त्यांनी 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या रॉक-गटात आणली. मात्र यंग आणि केल यांचे हे प्रयोग प्राणनाथांच्या आगमनापूर्वीचे आहेत. त्यामुळे 'भारतीय रागसंगीतातून दीर्घ रॉक-रचना निघाली' असे सरळ वंशवृक्षाचे विधान करता येत नाही.

तुलनेच्या दृष्टीने भेद अधिक बोधप्रद आहेत. ख्यालाचा श्रोता अपेक्षा घेऊनच बैठकीला येतो. रागाचे चलन, वादी-संवादी, वर्ज्य स्वर हे सारे परंपरेने त्याच्या कानात आधीच ठेवलेले असते. दीर्घ रॉक-रचनेत असे सामायिक व्याकरण जवळजवळ नाही. प्रत्येक रचना आपली अपेक्षा स्वतःच्याच पहिल्या काही मिनिटांत घडविते. दुसरा भेद समेचा. आवर्तन समेवर येते तेव्हा अपेक्षेची पूर्ती होते आणि गायक-श्रोते ती एकत्र अनुभवतात. 'हालोगालो'च्या आघातक्रमात असे मोठे आवर्तनच नाही. प्रत्येक चार मात्रा मागील चारांइतक्याच वजनाच्या असतात. सम नसलेल्या काळात राहणे हा त्या श्रवणाचा विशेष आहे. तिसरा भेद निर्मितीप्रक्रियेतील. कोलोन येथील 'कॅन' या गटाचे वादक तासन् तास उत्स्फूर्त वादन करीत, आणि त्यांचे बेसवादक होल्गर चुकाय ध्वनिफितींची काटछाट करून त्यांतून रचना बांधीत. चुकाय हे श्टॉकहाउझेन यांचे विद्यार्थी होते. त्यांच्या रचनांतील दीर्घत्व बैठकीतून थेट आलेले नाही, त्यावर संपादकाचा हात फिरलेला आहे. ते ऐकताना आपण उत्स्फूर्त वादन ऐकतो, अशी आपली समजूत अंशतःच खरी असते.

५. चढण आणि भंग

आतापर्यंतची उदाहरणे सपाट प्रवाहाची होती. दुसरा मोठा प्रकार चढणीचा. रचना अतिमंद ध्वनीत सुरू होते, हळूहळू वाद्ये वाढतात, गती आणि घनता वाढते आणि शेवटी ध्वनीचा लोट उसळतो. १९९० च्या दशकात 'पोस्ट-रॉक' या नावाने जो प्रवाह ओळखला गेला, त्यात ही बांधणी इतकी रूढ झाली की पुढे तिचाच साचा बनला. श्रोत्याने गोष्ट रचण्याचा धोका येथे सर्वाधिक आहे, कारण चढण ऐकली की संकट, संघर्ष आणि विजय यांची माळ मन आपोआप ओवू लागते.

'गॉडस्पीड'ची २००० साली प्रसिद्ध झालेली 'लिफ्ट युअर स्किनी फिस्ट्स लाइक अँटेनाज टू हेवन' ही दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. तिच्यात चार बाजूंना चार रचना आहेत. समूहात तेव्हा नऊ वादक होते : तीन गिटार, दोन बेस, दोन ड्रम, व्हायोलिन आणि चेलो. 'स्टॉर्म' ही पहिली रचना साडेबावीस मिनिटांची. आरंभी एक साधी, उजळ स्वरावली पुनःपुन्हा येते, तिला तंतुवाद्यांची आणि पितळी वाद्यांची जोड मिळते आणि सहा मिनिटांच्या आतच पहिला चढाव पूर्ण होतो. त्यानंतर अधिक दीर्घ, अधिक गडद अशी दुसरी चढण सुरू होते. प्रस्तुत लेखकाने ही रचना प्रथम ऐकली तेव्हा तीही शीर्षकाचा हात धरून वादळाची आणि त्यातून वर उठणाऱ्या जनसमूहाची गोष्ट म्हणून ऐकली, हे येथे प्रांजळपणे नमूद करावयास हवे.

ती गोष्ट सतराव्या मिनिटानंतर टिकत नाही. ध्वनीचा लोट ओसरतो आणि एक मुद्रित घोषणा ऐकू येते. अमेरिकेतील पेट्रोलपंपालगतच्या दुकानात ग्राहकांसाठी लावलेली ती घोषणा आहे. कोणी गाडीत पेट्रोल भरून देऊ, काचा पुसून देऊ म्हणेल किंवा काही विकू पाहील, तर त्याचा आमच्याशी संबंध नाही. अशा व्यक्तींशी संपर्क टाळावा आणि तक्रार असल्यास गणवेशातील कर्मचाऱ्यांना कळवावी, असा तिचा आशय. स्वर सौजन्याचा, आणि शेवटी ग्राहकांना शुभेच्छा. त्यानंतरची सुमारे चार मिनिटे क्षीण पियानो आणि कर्कश ध्वनी यांची आहेत.

येथे अर्थ कसा निष्पन्न होतो, हे पायरी-पायरीने पाहू. ही घोषणा दुकानात ऐकली असती तर कोणी तिच्याकडे लक्षही दिले नसते. आधीच्या सतरा मिनिटांचे संगीत स्वतंत्रपणे ऐकले असते, तर त्यात दारिद्र्याचा उल्लेख शोधूनही सापडला नसता. परंतु त्या सतरा मिनिटांनी श्रोत्याच्या ठायी एक व्यापक, सर्वांना कवेत घेणारी भावावस्था निर्माण केलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी एक सभ्य आवाज काही माणसांना वगळावयास सांगतो. बा. सी. मर्ढेकर यांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयतत्त्वे मांडली. त्यांच्या परिभाषेत हा विरोध आहे, पण दोन भिन्न माध्यमांमधला : एका बाजूस नाद, दुसऱ्या बाजूस व्यवहारातील गद्य वाक्य. समतोल मात्र साधला जात नाही. शेवटचा पियानो तो साधण्यास फार दुर्बळ आहे. निर्माण झालेल्या भावनेला जागा उरत नाही, आणि ही अस्वस्थताच त्या रचनेचा अर्थ आहे, असे म्हणता येईल. हे विधान पडताळून पाहता येते, कारण ते क्रमावर आणि कालावधीवर आधारलेले आहे. घोषणा आरंभी आणली असती, तर परिणाम निश्चितच वेगळा झाला असता.

६. कडेवरचे शब्द

'स्टॉर्म'मधील घोषणेवरून हे स्पष्ट होते, की या शब्दहीन संगीतात शब्द पूर्णपणे अनुपस्थित नसतो. तो कडेला असतो. फ्रेंच सिद्धान्तकार जेरार जनेत यांनी १९८७ मधील ग्रंथात शीर्षक, प्रस्तावना, मलपृष्ठ अशा घटकांचा संहितेचा उंबरठा म्हणून विचार केला. प्रस्तुत संगीतात हा उंबरठा विलक्षण महत्त्वाचा ठरतो, कारण आत शब्दच नसल्यामुळे त्यावरील प्रत्येक शब्दावर अधिक भार पडतो.

या शब्दांची कार्ये निरनिराळी असतात. 'ट्यूब्युलर बेल्स'च्या पहिल्या भागाच्या अखेरीस व्हिव्हियन स्टॅन्शल यांचा आवाज एकेका वाद्याचे नाव पुकारतो आणि ते ते वाद्य एकच सुरावट वाजविते. शब्द येथे केवळ नाम आहे. तो संगीताबद्दल काही सांगत नाही, फक्त कान वळवितो. 'गॉडस्पीड'च्या वरील ध्वनिमुद्रिकेतील 'स्लीप' या तिसऱ्या रचनेच्या आरंभी एक वृद्ध गृहस्थ न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या समुद्रकाठच्या जुन्या दिवसांच्या आठवणी सांगतात. लोक पूर्वी तेथे वाळूवर रात्र काढीत, आता तसे कोणी झोपत नाही, हा त्यांचा विषाद. हे बोलणे जेमतेम मिनिटभराचे. पुढील बावीस मिनिटांत एकही वाक्य त्याला पुढे नेत नाही, तरीही गिटारमधून निघणारा विलापसदृश स्वर त्या आठवणीच्या छायेत ऐकला जातो. येथे शब्द स्मृती पुरवितो आणि निघून जातो.

तिसरा प्रकार बाहेरून लादलेल्या संदर्भाचा. 'ट्यूब्युलर बेल्स'चा आरंभ म्हणजे विषम मात्रांवर फिरणारी पियानोची एक निर्मळ स्वरावली. तबकडी १९७३ च्या मे महिन्यात निघाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'द एक्झॉर्सिस्ट' या भयपटात तिचा आरंभीचा अंश वापरला गेला. तेव्हापासून असंख्य श्रोत्यांना ती स्वरावली भीतिदायक वाटत आली आहे. स्वर तेच, क्रम तोच; भीती चित्रपटाची. 'संगीतातच भीती आहे' असे म्हणणाऱ्या समीक्षकाने आणि 'संगीताला बाह्य अर्थ चिकटतच नाही' असे म्हणणाऱ्या समीक्षकाने, दोघांनीही या उदाहरणाचा विचार करावयास हवा. अर्थ चिकटतो, आणि एकदा चिकटला की सहजी सुटत नाही. परंतु तो कोठून आला हे दाखविता येते.

७. शीर्षक आणि साक्ष

आता अधिक कठीण प्रश्नाकडे वळू. 'गॉडस्पीड'ने आपल्या संगीताचे राजकीय आशयाशी असलेले नाते कधी लपविलेले नाही. २००२ मधील ध्वनिमुद्रिकेच्या मलपृष्ठावर त्यांनी मोठ्या संगीतकंपन्यांचे शस्त्रोद्योगाशी असलेले संबंध दाखविणारी आकृती छापली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला रूढ अर्थाने शीर्षकच नाही. 'शीर्षक नाही' असे म्हणून तेथे १३ फेब्रुवारी २०२४ ही तारीख आणि २८,३४० मृत हा आकडा दिला आहे. गाझातील युद्धात त्या दिवसापर्यंत मारल्या गेलेल्या पॅलेस्टिनी लोकांची, तेथील आरोग्य मंत्रालयाने नोंदविलेली ही संख्या होती. तबकडी श्रोत्यांच्या हाती आली तोवर नोंदींतील हा आकडा ४१,००० च्या वर गेला होता.

वाद्यसंगीत एखाद्या घटनेची साक्ष देऊ शकते काय? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे सरळ उत्तर 'नाही' असे आहे. साक्षीला विधान लागते, आणि विधान खरे की खोटे हे तपासता यावे लागते. मलपृष्ठावरील आकृतीची प्रत्येक रेघ तपासता येते, शीर्षकातील आकडाही तपासता येतो. गिटारच्या स्वराची अशी तपासणी संभवत नाही. हेच संगीत दुसऱ्या नावाने निघाले असते, तर श्रोत्याने त्यात दुसरा शोक ऐकला असता, हा आक्षेप खोडून काढता येत नाही. मोठ्या दुःखाचा आधार घेऊन संगीताला आयते गांभीर्य मिळवून दिले जाते, ही शंकाही अनाठायी नाही.

तथापि एवढ्यावर थांबणे म्हणजे हान्स्लिक यांच्या भूमिकेत परत जाणे होय, आणि त्यात दीर्घत्वाच्या कार्याचा विचारच होत नाही. पाच अंकी संख्या वाचावयास दोन क्षण पुरतात. वृत्तपत्रातील असा आकडा आपण वाचतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. तोच आकडा या तबकडीवर वाचून श्रोता सुमारे ५४ मिनिटे तिच्यासमोर बसतो. त्या काळात संगीत त्याला कोणतीही माहिती पुरवीत नाही आणि घटनेचे वर्णनही करीत नाही. आकड्याजवळ थांबण्यासाठी लागणारा वेळ मात्र ते पुरविते, आणि तिसऱ्या विभागात पाहिल्याप्रमाणे त्या वेळात ऐकणाऱ्याचे अवधान बदलते. साक्ष शीर्षकाची आहे. संगीताचे काम त्या साक्षीजवळ श्रोत्याला बसवून ठेवण्याचे आहे. श्रोता तेथे बसून काय करतो, याची हमी संगीत देऊ शकत नाही. शोकसभेतील मौनही अशी हमी देत नाही, पण म्हणून ते निरर्थक ठरत नाही.

८. समारोप

तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने या विवेचनातून काही सूत्रे हाती येतात. पहिले हे, की अशा रचनेबद्दल लिहिताना कालक्रमाची नोंद ठेवणे अपरिहार्य आहे. कोणत्या मिनिटाला काय बदलले आणि त्यापूर्वी किती काळ काय चालू होते, हे सांगितल्याखेरीज केलेले भाववर्णन वाचकाला तपासता येत नाही. दुसरे, आपण कोणत्या आवृत्तीबद्दल बोलतो आहोत, तबकडी की सीडी, हे स्पष्ट करावयास हवे. बंद खाचेचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, अर्थाचा कोणता अंश ध्वनीच्या बांधणीतून आला, कोणता कडेवरच्या शब्दांतून आला आणि कोणता सर्वस्वी बाहेरून चिकटला, याची फोड करणे आवश्यक आहे. ही फोड प्रत्येक वेळी निःसंदिग्ध होईलच असे नाही, परंतु तिचा प्रयत्न न करता लिहिलेली समीक्षा पुन्हा गोष्ट सांगू लागते.

श्रोता गोष्ट रचतो यात गैर काही नाही. कथन ही मनाची सवय आहे आणि दीर्घ काळ समोर आला की ती जागी होतेच. अभ्यासकाने एवढेच पाहावे, की ती गोष्ट संगीताने सांगितलेली नसून आपण रचलेली आहे आणि रचना पुढे सरकताना ती कोठे टिकते, कोठे मोडते. 'स्टॉर्म'मधील घोषणेपाशी ज्याची गोष्ट मोडली, त्याला ती रचना पुन्हा आरंभापासून ऐकावी लागते. दुसऱ्या खेपेस तो पहिल्या चढावातील उजळ स्वर निराळ्या कानांनी ऐकतो, कारण पुढे काय येणार आहे हे आता त्याला ठाऊक असते. कवितेच्या पुनर्वाचनाबद्दल आपण जे वर्गात शिकवीत आलो, तेच येथे शब्दाच्या आधाराविना घडत असते.